तुम्ही पिता तेच द्या

फोन आला तेव्हा मी कांदे साठवायच्या बराकीत निवडत बसले होते. सडका एकीकडे, चांगला एकीकडे... हात चिकट झालेले, म्हणून फोन पदरानंच धरला. पलीकडं सई होती, वसुधाबाईंची लेक. म्हणाली, "आक्का, आई गेली. आत्ताच." अशा वेळी माणसानं काय बोलायचं असतं ते मला या वयातही कळलेलं नाही. तोंडातून निघालं ते एवढंच, "तोंडात पाणी घातलं का गं?" आमच्याकडं हेच आधी विचारतात. माणूस कोरड्या घशानं जाऊ नये. सई म्हणाली, "घातलं आक्का. तुम्ही आणलेलंच घातलं. आईनं ती बाटली उशाशी जपून ठेवली होती, कुणाला हात लावू देत नव्हती. त्यातलंच चमच्यानं घातलं." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. शेजारी कौसाबाई बसली होती. तिनं सगळं ऐकलं. पदर डोळ्याला लावून म्हणाली, "भाग्याची गं बाई. तुझ्या हातचं पाणी मिळालं तिला." मी खाली मान घालून निवडत राहिले, आणि चांगल्या कांद्यांत सडके टाकत राहिले. कौसाबाई गुपचूप एकेक उचलून बाजूला करत होती. तिला वाटलं, दुःखानं झालंय. दुःख होतंच हो. पण नुसतं दुःख नव्हतं.

ते काय होतं ते सांगायचं तर आधी बाई कोण होत्या ते सांगितलं पाहिजे. वसुधाबाई पुण्याच्या एका संस्थेत पाण्याचा आणि माणसांच्या तब्येतीचा अभ्यास करायच्या. आमची वस्ती महाळुंगे पडवळपासून आत, ओढ्याच्या अंगाला. वरच्या बाजूला आमची शेतकऱ्यांची घरं, खालच्या बाजूला धनगरांची, कौसाबाईचं त्यातलंच. तिच्या सासऱ्याची मोठी मेंढरं होती म्हणतात, आता चार शेळ्या आणि वाट्यानं केलेली शेती. कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, उसामागं बिबट्या आला, आणि खताच्या गोण्या तर विचारूच नका. पीक लई झालं, ते नाकारून चालणार नाही. आमच्या घरावर स्लॅब त्या उसानंच टाकला. पण शेतात ओतलेलं सगळं काही ऊस खात नाही, उरलेलं उताराला लागतं आणि खालच्या विहिरींत उतरतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आमच्या उसाचं खत कौसाबाईच्या हंड्यात. बाई त्याच्याच मागावर आल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की कुणाच्या शेताला किती पाणी जातं हे एका खात्याला माहीत असतं आणि कुणाच्या पोटात काय जातं हे दुसऱ्या खात्याला, आणि ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत. "आक्का, ऊस आणि पोट एका कागदावर आणायचं आहे मला," असं म्हणायच्या. मला तेव्हा हसू यायचं. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं जे काही आलं ते किराणाच्या पुड्यांचे कागद वाचून, आणि नंतर बाईंनी आणून दिलेल्या जुन्या मासिकांतून. पण हे एक वाक्य मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच पाठ झालं.

पहिल्या दिवशी त्या आल्या त्या खांद्याला पेटी अडकवून. पेटीत छोट्या छोट्या बाटल्या. कौसाबाईला वाटलं बचत गटाची मॅडम. "लोन देता का बाई?" "नाही हो, मी देत नाही, घेते." "काय घेता?" "पाणी." कौसाबाई माझ्याकडं बघून म्हणाली, "आगं, एवढ्या लांबनं पाणी मागाया आली ही! पुण्यात न्हाई व्हय?" मग सगळ्याच हसलो, बाईसुद्धा. हसायच्या तेव्हा चष्मा वर सरकायचा आणि तो त्या मनगटानं खाली करायच्या, कारण हातात कायम बाटली. घराघरांतून फिरायला सोबत मीच जाऊ लागले. मला बोलायची हौस, आणि वस्तीवरचं एकही घर मला परकं नाही. बाई प्रत्येक दारात एकच वाक्य बोलायच्या, "तुम्ही पिता तेच द्या." आणि घरची बाई आत जाऊन, चकचकीत घासलेला तांब्या भरून आणायची.

आता इथं आमची एक रीत सांगते. आमच्या वस्तीवर प्रत्येक घरात दोन माठ असतात. एक घरचा, एक पाव्हण्यांचा. घरचा माठ जवळच्या विहिरीवर भरायचा. पाव्हण्यांचा माठ भरायचा तो वरच्या अंगाच्या गोडी विहिरीवर. ती विहीर चढावर आहे, खेप लांब पडते, म्हणून रोजचं पाणी कुणी तिथून आणत नाही. पण पाव्हणा आला आणि त्याला घरच्या माठातलं मचूळ पाणी दिलं, तर त्या घराचं नाव जातं. लग्न करून राजुरीहून इथं आले तेव्हा सासूबाईंनी मला चूल दाखवायच्या आधी हे दोन माठ दाखवले होते. तर बाई येणार म्हटलं की आदल्या दिवशी मीच वस्तीभर फिरून सांगायचे, "उद्या पाण्याची बाई येणार हाय गं. पाणी चांगलं भरून ठेवा." मलाच भूषण. बाईंच्या बाटलीत आमच्या वस्तीचं काहीबाही जाऊ नये! त्या 'तुम्ही पिता ते' म्हणायच्या, पण दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात, तेही पुण्याहून आलेल्या, आपण पितो ते द्यायचं असतं का कधी? कुणाच्याच मनात लबाडी नव्हती. चार गोड शब्द बोलावे तसं आम्ही गोड पाणी देत होतो.

पाणी उत्तम निघालं. निघणारच. बाईंचा अहवाल गेला. नवी नळयोजना कुणाला आधी द्यायची ते ठरत होतं, त्यात ओढ्यापलीकडच्या वस्त्या आल्या आणि आमची गळाली. आमच्या विहिरी चांगल्या आहेत म्हणून.

कळलं ते फार साधेपणानं. बाई तेव्हा आमच्याकडंच उतरायच्या. अशाच एकदा ओट्यावर चहा घेत बसल्या होत्या. मी शेतावरून आले, तहान लागलेली, घरच्या माठात तांब्या बुडवला आणि उभ्यानंच प्यायले. बाई म्हणाल्या, "आक्का, तो माठ जवळ होता की. लांबच्या माठातलं का प्यायलात?" मी म्हटलं, "हा घरचा. तो पाव्हण्यांचा." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे?" मी सांगितलं. सगळं, अगदी कौतुकानं. गोडी विहीर कशी, खेप किती लांब, सासूबाई काय म्हणायच्या... सांगता सांगता त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि माझे शब्द बारीक झाले. त्या म्हणाल्या, "आणि बाटल्यांत?" तेवढ्यात कौसाबाई आली होती ताक न्यायला, ती दारातनंच म्हणाली, "मग काय बाई? पावण्याला काय गढूळ देऊ? आमी काय एवढ्या खालच्या न्हाई!" बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. उठल्या, घरच्या माठाजवळ गेल्या, आणि हातानंच एक ओंजळ उचलली तोंडाशी. मी धावले आणि त्यांचा हात धरला. "बाई, ते नका पिऊ." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही आत्ता प्यायलात ना?"

पुढं तालुक्याला बैठक लागली. दुरुस्तीचा कागद बाईंनी स्वतःच पाठवला होता, नाहीतर कुणाला काय कळणार होतं. त्यांच्यापेक्षा मोठे एक साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळू नये?" बाई उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे सर. माठातलं न घेता मी विहिरीतून स्वतः काढायला हवं होतं." एवढंच. मी आणि कौसाबाई मागच्या खुर्च्यांवर. कौसाबाईनं मला कोपरानं ढोसलं, "बोल की गं. तुला लई बोलाया येतं न्हवं?" मला लई बोलता येतं, खरं आहे. पण त्या दिवशी माझ्या तोंडात बिस्कीट होतं आणि ते गिळेचना. परत येताना एसटीत मी विचारलं, "बाई, आमचं नाव का नाही घेतलं?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "घेऊन काय लिहू आक्का? लोक फार चांगले निघाले म्हणून अभ्यास फसला, असं?" आणि मग मात्र खळखळून हसल्या. चष्मा वर सरकला. हातात बाटली नव्हती तरी मनगटानंच खाली केला.

हसण्यावारी नेलं, पण त्यांचं नुकसान झालं ते झालंच. संस्थेनं तो अभ्यास त्यांच्याकडून काढून घेतला. योजनेत एकदा गळालेली वस्ती पुन्हा घालायची म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. बाई मग सुट्टी टाकून, स्वतःच्या वेळात येऊ लागल्या. विहिरीवर उभं राहून दोर सोडायच्या, पोहरा ओढायच्या, पाठीत उसण भरायची. खालच्या विहिरीचा निकाल आला तेव्हा त्या थेट कौसाबाईच्या घरी गेल्या. तिच्या सुनेच्या मांडीवर तान्हं होतं. "या विहिरीचं पाणी लेकराच्या पोटात अजिबात जाऊ द्यायचं नाही. उकळलं तरी नाही. उकळून यातलं खत जात नाही." तेव्हापासून कौसाबाई रोज कळशी घेऊन गोडी विहिरीचा चढ चढायची, नातवासाठी. गुडघे धरून, शिव्या देत. ती वाट आमच्या दारावरून जाते. शिव्या उसाला असायच्या, पण मला वाटायचं मलाच. माझ्या तोंडी निरोपानं तिची वस्ती योजनेतून गळाली, आणि तीच बाई मला दारातून हाक मारून जायची, "आक्के, चहा टाक गं, येतेच उतरून." नातू धडधाकट आहे, शाळेत जातो. तेवढी देवाची कृपा. पण तो धडधाकट राहिला तो तिच्या गुडघ्यांवर.

वर्षं गेली. बाईंनी तक्रारी केल्या, निकाल पुन्हा पुन्हा नेऊन दाखवले, साहेब बदलले की नव्यानं सुरुवात केली. आणि अखेर वस्तीवर नळ आला. टाकी बांधली, पाणी सोडायला कौसाबाईचाच लेक बबन लागला. नळाला पहिलं पाणी आलं त्या दिवशी आम्ही बायांनी तोटीला हळदकुंकू वाहिलं. बाई नव्हत्या. तोवर त्यांचं दुखणं जडलं होतं, पुण्याबाहेर पडायची मनाई होती. मी फोन लावून तोटीजवळ धरला. पलीकडून बाई नुसत्या ऐकत होत्या.

मग एकदा त्यांचाच फोन आला. "आक्का, येताय का भेटायला? येताना तुमच्या नळाचं पाणी आणा बाटलीभर. चव तरी बघू द्या मला. आणि हो... घरच्या माठातलं. पाव्हण्यांच्या नाही." मी म्हटलं, "अहो आणते की!" आमच्याकडं आता गोडी विहिरीचं कुणी आणत नाही, तिचं पाणी उन्हाळ्यात आटतं. पण पाव्हण्यांचा माठ काही गेला नाही. त्यात आता गावातल्या फिल्टरचा जार ओततो. रीत ती रीत. निघायच्या सकाळी मी स्टीलची बाटली घासूनपुसून घेतली, घरच्या माठातून भरली, आणि झाकण लावायच्या आधी वास घेतला. नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा वास येतो, तुम्हाला माहीतच असेल. मला वाटलं, अंथरुणाला खिळलेलं माणूस. त्याच्यापुढं हे औषधी वासाचं पाणी नेऊ? मळमळलं म्हणजे? मी बाटली तुळशीत ओतली आणि दुसऱ्या माठातून भरून घेतली. एका क्षणाचं काम. हात इतक्या सवयीनं तिकडं गेला की मी काही वेगळं करतेय असं मला वाटलंसुद्धा नाही. मंचरच्या स्टँडवर उभी असताना एकदा मनात चरकलं. पण एसटी आली.

बाईंना सईनं उशी लावून बसवलं. अंगावर मांस राहिलं नव्हतं, चष्मा मात्र तोच. मी फुलपात्रात पाणी ओतलं. त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, आधी नाकाशी नेलं, मग एक घोट घेतला, तोंडात घोळवला. "आक्का, टाकीत पावडर टाकतात ना?" मी म्हटलं, "टाकतात की." "रोज?" "रोज." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पिशवीतून शेंगा काढत होते, उगाच. "बबन विसरत नसेल ना मधेमधे?" "नाही हो बाई, तो लई काळजीचा आहे." मग त्या फुलपात्रातलं उरलेलं प्यायल्या, सगळं. "गोड आहे," म्हणाल्या. मी खूश! बाटली तिथंच ठेवून येताना सईला म्हटलंसुद्धा, "बघ, पाण्यानं तोंडावर कशी कळा आली." आता ते आठवलं की माझं मला कसंतरीच होतं. जन्मभर पाणी तपासलेल्या बाईला मी शेवटची बाटलीसुद्धा बदलून दिली. आणि त्यांना पावडरीचा वास आला नाही, तेव्हा त्यांनी काय समजायचं? एक तर आक्का खोटं बोलते. नाहीतर आक्का खरं बोलते आणि टाकीत पावडर पडतच नाही. इतकी वर्षं झिजून आणलेला नळ, आणि त्यातून लेकरांच्या पोटात पुन्हा काहीतरी जातंय... हा घोर घेऊन तर त्या गेल्या नाहीत ना? फोन आला त्या दिवशी मी कांदे चुकीच्या ढिगात टाकत होते ते हे मनात येऊन.

दिवस झाले. मग एकदा टाकीजवळ बबन भेटला. सहज बोलता बोलता म्हणाला, "आक्का, बाईंचा मला फोन आला व्हता. तुमी भेटून आलात ना, त्याच्या दुसऱ्या दिशी. आवाज लई बारीक झालता. म्हनल्या, बबन, पावडर टाकतो का रे रोज? म्हनलं बाई, आईच्यान टाकतो. तर म्हनल्या, तपासायची काडी बुडवून बघतोस का, रंग येतो का? म्हनलं येतो की, फोटू पाठवू का? मी पाठवला बी." "मग?" "मग काय न्हाई. म्हनल्या, शाब्बास. आन् हसल्या." मी तिथंच टाकीच्या पायरीवर बसले. बाईंची रीतच ती. एका टोकाला शंका आली की दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचं. म्हणजे त्यांना कळलं. नळ चांगला आहे, बबन चांगला आहे, आणि पाणी नळाचं नव्हतं. घोर घेऊन गेल्या नाहीत, एवढा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. पण त्या जागी दुसरा बसला. कळल्यावरही त्यांनी ती बाटली उशाशी जपून ठेवली. सईला बोलल्या नाहीत, मला फोन केला नाही. माझ्या घरात इतकी वर्षं राहिल्या, माझ्या ताटात जेवल्या, माझ्या नातींच्या वेण्या घातल्या... आणि मी त्यांना एकदाही घरच्या माठातलं पाणी दिलं नाही. मानानं वागवलं हो मी. शेवटपर्यंत मानानंच वागवलं.

गेल्या आठवड्यात सई आली होती. आईची वस्ती बघायची म्हणून. उन्हातून आलेली, ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "आक्का, पाणी." माझा हात गेला. खरंच सांगते, गेलाच, पाव्हण्यांच्या माठावरचं झाकण उचललं मी. मग ते परत ठेवलं. घरच्या माठातून तांब्या भरला आणि तिला दिला. ती घटाघटा प्यायली, थांबली, तांब्यात बघितलं. "याला वास येतो थोडा. आईजवळच्या पाण्याला नव्हता." कौसाबाई शेजारी बसलेली. मी दोघींच्या देखत सांगितलं. माठ, बाटली, तुळस, सगळं. या वेळी बिस्कीट तोंडात नव्हतं. कौसाबाईनं कपाळाला हात लावला, "आगं बया, परत तेच केलंस व्हय?" सईनं 'असू दे' म्हणावं असं मला फार वाटलं, पण ती म्हणाली नाही, आणि का म्हणावं? बराच वेळ तांब्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग पर्समधून एक छोटी बाटली काढली. बाईंच्या पेटीतली. माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "भरा. तुम्ही पिता तेच द्या."

आवाज तिचा होता, वाक्य आईचं. मी भरली. थोडं पाणी बाहेर सांडलं.

ती गेल्यावर मी पाव्हण्यांचा माठ उचलून परसात पालथा घातला. सून म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?" म्हणू देत. आता जो येईल त्याला आमचंच पाणी. कुणी नाक मुरडतं, मी सांगते, पावडर आहे, बबन रोज टाकतो. पण एवढ्या वर्षांची सवय अशी जात नाही. दारात कुणी "पाणी" म्हटलं की हात अजून आधी तिकडंच जातो. तिथं माठ नाही. कट्ट्यावर त्याच्या बुडाचा गोल तेवढा उमटलेला आहे, घासून निघत नाही. हात त्या गोलावर टेकतो, थांबतो... आणि मग मी घरच्या माठाकडं वळते. "घे गं वसुधा," म्हणते मनात. जिवंतपणी कधी नावानं हाक मारली नाही. बाईच म्हणत राहिले.